परत जाणारं माणूस

९ जानेवारी २०२५

दिपमाला,

तुझं पाकीट सोमवारी मिळालं. ते घेताना पोस्टमनने माझी सही घेतली, आणि उघडलं तर आत पुन्हा माझ्याच सहीसाठी कागद. दोनदा वाचला. तुझ्या भावाचं चित्रीकरण आणि त्यांचा आवाज तू तुझ्या फिल्ममध्ये वापरायला बायको म्हणून माझी हरकत नाही, असं मी लिहून द्यायचं आहे.

माझी हरकत आहे. मी सही करणार नाही.

एवढं लिहून पत्र बंद करणार होते. पण त्यांच्या दहाव्याला तू अंगणाच्या कडेला उभी राहिलीस आणि पाणी न पिता गेलीस, त्याला आता दोन वर्षं होतील. तेव्हापासूनची तुझी पहिली खबर म्हणजे हे संमतीपत्र. म्हणून थोडं जास्त लिहिते.

सोबत तू फिल्ममध्ये बोलणार आहेस ते पानही पाठवलंस. 'एप्रिलच्या त्या दुपारी मी धुळ्याला गेले होते. माझा भाऊ नवल लपणात एकटा होता. उकाडा सहन झाला नाही म्हणून तो बाहेर आला. पक्षी उडाले ते दोन तास परतले नाहीत. तिन्ही अंडी उन्हात गेली. मी त्याच्याशी पुन्हा बोलले नाही. दहा महिन्यांनी तो गेला.'

चांगलं लिहिलं आहेस. तू लहानपणापासून चांगलं लिहायचीस. मी लग्न होऊन आले तेव्हा तू सात वर्षांची होतीस, तुझ्या वेण्या मी घालायची आणि तुझ्या वह्या मी वाचायची. माझी शाळा सातवीत सुटली होती. तुझ्या पुस्तकांवरून मी पुढचं वाचायला शिकले, हे मी कधी नाकारलेलं नाही.

पण त्या पानावर तू आहेस, ते आहेत, पाखरं आहेत, धुळंसुद्धा आहे. फक्त मी नाही.

तुझी फिल्म बघणाऱ्यांना माहीत नसेल, तुला तर माहीत आहे. तापीच्या मधल्या वाळूवर सुरय पक्ष्यांची वस्ती होती. काळी टोपी, पिवळी चोच, लाल पाय. वाळूत नुसता खळगा करून अंडी घालतात, आडोसा काही नाही. त्यांच्यापासून वीस हातांवर आपण बांबू, गोणपाट आणि कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचं लपण बांधलं. आपण तिघं पाण्यातून जायचो. तू आणि तुझा भाऊ आत बसायचात, आणि मी एकटी परत यायची. कारण पाखराला मोजता येत नाही. आलेल्यांपैकी एक माणूस परत जाताना दिसलं की त्याला वाटतं सगळी गेली, आणि ते निर्धास्त अंड्यांवर उतरतं. तू मला सांगितलं होतंस, "वहिनी, तुझं काम सगळ्यात मोठं. फक्त मागे वळायचं नाही. वळलीस तर त्यांना कळेल आत कोणीतरी आहे."

तीन उन्हाळे मी मागे वळले नाही. जाताना तिघांमध्ये, येताना एकटी, गुडघाभर पाण्यातून. आणि घरी आले की सासूबाई ओट्यावरून म्हणणार, "उनी का फिरीसन? मनी पोर दिनभर उन्हमा बसस, आन तुले दोन भाकरी नेवाले जड जास."

त्या दुपारी मी गच्चीवर ज्वारीचे बिबडे वाळत घालत होते. मला त्यातलं काही माहीत नाही. पण मेलेल्या माणसाची चूक पांढऱ्या पडद्यावर मोठी करून दाखवू नये, एवढं मला कळतं.

तुझी वहिनी
मंदा


२८ जानेवारी २०२५

दिपमाला,

तू मला उत्तर न देता नूतनला फोन केलास. पोरगी नोकरीवर असते, तिला मधे का घेतेस? तिने मला शब्दन् शब्द सांगितला. "आईला म्हणावं, भाऊच्या आठवणीवर तिचा एकटीचा हक्क नाही."

मी ते वाक्य दोन दिवस घेऊन फिरले. भांडी घासताना, गोठ्यात, सगळीकडे. मग मला हसू आलं. माझा हक्क? माझ्याकडे आहे तरी काय? लग्नातला एक फोटो आहे, त्यात त्यांनी डोळे मिटलेत. आधार कार्डावरचा आहे, त्यात ते कोणीतरी भलतेच दिसतात. आवाज तर नाहीच. ज्या मोबाईलमध्ये होता तो मोटार चालू करताना विहिरीत पडला. तुझ्याकडे किती तास आहेत ते, नूतन सांगत होती. चारशे? चारशे तास नवरा माझा, आणि तुझ्या कपाटातल्या डबीत.

आता लिहायला बसलेच आहे तर सगळं लिहिते.

मला तुझा हेवा वाटायचा. तुझ्या कॅमेऱ्याचा नाही, तू देशभर फिरतेस त्याचा नाही. पेपरात तुझा फोटो आला तेव्हा कात्रण मीच कापलं, सासूबाईंच्या देवघराशेजारी मीच चिकटवलं. मुलाखतीत तू म्हणालीस, 'माझ्या भावामुळे मी इथे आहे.' मी ते तीनदा वाचलं, पुढे काही आहे का बघायला. पुढे जाहिरात होती.

मला हेवा वाटायचा तो त्या लपणाचा. ते घरात किती बोलायचे तुला ठाऊक आहे. मीठ कमी आहे. पाणी सोडलं का. नूतनचा फोन आला का. झालं. आणि तुम्ही दोघं संध्याकाळी काठावर यायचात तेव्हा तोंडावर हसू असायचं, काहीतरी अर्धं राहिलेलं बोलणं असायचं, आणि मला बघून ते बोलणं थांबायचं. आठ तास कुजबुजत काय बोलायचात? मी एकदा विचारलं तर ते म्हणाले, "पाखरंसनं." पाखरांचं! आठ तास!

मी तुझं पाखरांचं पुस्तक वाचून काढलं, तुला माहीत नसेल. तू विसरून गेली होतीस ते. मला सगळी नावं पाठ झाली. जेवताना एकदा मी म्हणाले, सुरय पोटाची पिसं भिजवून आणते आणि अंड्यांवर बसते, म्हणजे अंडी गार राहतात. ते म्हणाले, "हो, दिपाने सांगितलं."

आता ते.

त्या दिवशी बिबडे मी नाही घातले. आदल्या दिवशी घातले होते.

तुझ्या कॅमेऱ्याचं चार्जर जळालं आणि तू पहाटेच्या गाडीने धुळ्याला गेलीस. जाताना त्यांना सांगून गेलीस की एका अंड्याला तडा गेलाय, आज फुटेल, कॅमेरा बंद करू नको. मी नेहमीसारखी त्यांना सोडून परत आले. काठावर चढले आणि मनात आलं, आज आत जागा रिकामी आहे. आज माझी पाळी आहे.

मी घरी जाऊन वांग्याचं भरीत केलं, कळण्याच्या भाकरी केल्या, चांगलं पातळ नेसले. हो, नेसले. अकरा वाजता पाण्यातून गेले आणि गोणपाट उचलून आत शिरले. ते इतके दचकले. म्हणाले, "काय व्हयनं? माय बरी शे ना?" मी म्हणाले, "सगळं बरं शे. जेवण आणलं."

आत किती छोटी जागा होती. गुडघ्याला गुडघा लागत होता. त्या भोकातून मी पहिल्यांदा ती अंडी पाहिली, वाळूच्याच रंगाची. तीन उन्हाळे माझ्या पायांवर ती जगली होती आणि मी ती पाहिली नव्हती.

पाखरं वर ओरडत फिरत होती. मला आत जाताना त्यांनी पाहिलं होतं आणि परत जाताना कोणी दिसलं नव्हतं. परत जाणारं माणूसच नव्हतं त्या दिवशी, कारण ते माणूस आत बसलं होतं.

ते एकदा म्हणाले, "मंदा, तू जाय. मंग त्या उतरतीन." मी म्हणाले, "मी ते रोजच जास. आज मी आठेच बससू." मी तिथेच बसून भाकरी सोडल्या. आम्ही जेवलो. त्यांनी मला विचारलं, भरितात शेंगदाणे जास्त टाकले का. मी त्यांना माझ्या माहेरच्या गोष्टी सांगितल्या, पूर्वी कधी न सांगितलेल्या. ते हसले. मी एक वाजता निघाले.

वर ऊन किती होतं ते तुला सांगायला नको.

संध्याकाळी तू आलीस, चार्जर घेऊन, हसत. मी काठावर होते. वाळूवर तू त्यांना काय काय बोललीस ते मला अर्धं ऐकू आलं. "चोवीस दिवस, भाऊ! एक दिवस तुला बसवलं नाही?" आणि ते म्हणाले, "मीच बाहेर निंघनू. गरम व्हयनं."

मी पुढे गेले नाही. मी तोंड उघडलं नाही.

रात्री त्यांना विचारलं, तुम्ही असं का सांगितलं? ते म्हणाले, "मनावर रागे भरनी ते चार दिनमा इसरी जाई. तुनावर भरनी ते जलमभर धरी ठेई." त्यांना खात्री होती, दिपमाला. त्यांच्यावरचा तुझा राग चार दिवसांचा. पहिले चार दिवस ते मोबाईल खिशातून काढून उशाशी ठेवायचे.

आणि हे शेवटचं. तुमचं बोलणं बंद झालं तेव्हा मला बरं वाटलं. मला वाटलं, आता जे काय बोलतील ते माझ्याशी. ते माझ्याशीही बोलले नाहीत. रोज जेवून काठावर जाऊन बसायचे आणि अंधार पडायच्या आत यायचे. दहा महिने. मी एक फोन केला असता तर तू दुसऱ्या दिवशी आली असतीस. रोज ठरवायची, उद्या करते. फेब्रुवारीत छातीत कळ आली आणि धरणगावला नेईपर्यंत सगळं संपलं.

हे कळल्यावर तू मला फिल्मबद्दल काही विचारणार नाहीस, हे मला माहीत आहे. पण त्या पानावरचं 'तो बाहेर आला' हे खोटं आहे. ते लोकांसमोर म्हणू नकोस. माझ्यावर विश्वास नसेल तर त्या दिवसाचं चित्रीकरण काढून ऐक. कॅमेरा चालू होता. तूच सांगून गेली होतीस.

मंदा


१६ फेब्रुवारी २०२५

दिपमाला,

परवा त्यांचं दुसरं वर्ष झालं. नूतन आली होती. तुझा पेनड्राइव्ह तिच्याच पत्त्यावर आला, तिने लॅपटॉपला लावला आणि मला म्हणाली, "आई, मी बाहेर बसते." मी म्हणाले, बस इथेच. तुलाही कळू दे.

तुझी चिठ्ठी आधी वाचली. तू लिहिलंस की फिल्ममध्ये रिकाम्या घरट्याचं ते चित्र तू आवाज बंद करूनच घेतलं होतंस, कारण त्यांचा श्वासही ऐकवत नव्हता. या तीन वर्षांत पहिल्यांदा आवाज चालू केलास. आणि पुढे फक्त एवढंच, 'वहिनी, तूही ऐक. सगळं ऐक.' रागावलीस की नाही ते लिहिलं नाहीस.

पडद्यावर दोन तास नुसती वाळू आणि तीन अंडी. सावली सुद्धा हलत नाही. आणि मागून आम्ही.

मी तुला लिहिलं होतं, ते एकदाच 'जा' म्हणाले. एकदा नाही. नूतनने मोजलं, सहा वेळा. पहिल्यांदा सरळ. दुसऱ्यांदा जेवता जेवता. तिसऱ्यांदा, "मंदा, तडा मोठा व्हयना, दखाय ना तुले." मी म्हणते, "व्हऊ द्या." माझा आवाज असा आहे हे मला माहीत नव्हतं. चौथ्यांदा त्यांनी हात जोडले असणार, कारण मी म्हणते, "हात काय जोडतस?" आणि हसते. मी हसते, दिपमाला. माहेरच्या गोष्टी मी सांगतेय आणि ते हूं हूं करतायत, आणि मला इतकी वर्षं वाटत होतं ते रमले होते. ते अंड्याकडे बघत होते.

दोन वर्षं मी त्या दोन तासांवर जगले. तेही तसे नव्हते.

मग मी निघाल्याचा आवाज आला, गोणपाटाचा. मी म्हणाले बंद कर. नूतन म्हणाली, "आई, अजून आहे. आत्यानं सांगितलंय सगळं ऐक."

पाण्याचा आवाज. लांब जाणारा. आणि ते एकटे, अगदी हळू, स्वतःशी. "डावा हातले... आजून डावा हातले. आते खड्डा शे, वाळूवालासना. हां. पाय धीरे टाक. हां... गयी. आते उथळ शे. चढ. गयी."

मग काही नाही. मग पंखांचा आवाज. पाखरू आलं, पोट भिजवून, आणि त्या अंड्यांवर बसलं. तडा गेलेल्या अंड्यावरसुद्धा. आणि ते रडले. तेवढंच ऐकू येतं.

दुसऱ्या फायलीत तू बाकीचे दिवस जोडून पाठवलेस. फक्त पहिली दहा मिनिटं, एकामागून एक. आधी वाटलं तू चुकून पाठवलंस. मग ऐकलं. दर दिवशी तेच. डावा हातले. खड्डा शे. हां. गयी. एका दिवशी मी घसरले होते, तेव्हा ते अर्धे उठलेच असणार, आणि तू डाफरतेस, "भाऊ, बस ना! आणि गप्प राहा, रोज पहिली दहा मिनिटं फुकट जातात माझी!" ते म्हणतात, "तिले पवता येत नही." तू म्हणतेस, "गुडघ्याएवढं पाणी आहे!" ते म्हणतात, "खड्डा नही का?"

आणि पुन्हा, "डावा हातले."

मला ते कधीच ऐकू आलं नाही. मी मागे वळायचं नव्हतं. पण खड्डा मला रोज चुकायचा, आणि मला वाटायचं मला वाट पाठ आहे.

आता मी लिहिते ते तुला आवडणार नाही. तीन उन्हाळे तू हे रोज कानाला लावून ऐकलंस आणि मला एकदाही सांगितलं नाहीस. 'वहिनी, भाऊ तुझी वाट बोलतो.' पाच शब्द. एवढं तू सांगितलं असतंस तर त्या दिवशी मी भरीत घेऊन आले नसते. हेव्याचं माझं मला कबूल आहे. पण तुझंही थोडं होतं का ते तूच बघ. आठ तास तुला पुरत नव्हते? माझी दहा मिनिटं तू फुकट म्हणून फेकून दिलीस.

हे लिहून मी उठले आणि सासूबाईंना पेनड्राइव्हचा आवाज ऐकवला. त्यांना आता कमी ऐकू येतं. कान लॅपटॉपला लावून बसल्या आणि म्हणाल्या, "मना नवल कोनले वाट दखाडी ऱ्हायना?" मी म्हणाले, मले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "चहा ठेव. तुले बी."

मंदा


५ मार्च २०२५

दिपमाला,

संमतीपत्र सोबत आहे. सही केली आहे, तारीख घातली आहे, आणि साक्षीदार म्हणून नूतनची सही आहे.

तुझं पान मी परत पाठवते आहे. त्यात मी पेनाने खाडाखोड केली आहे, माफ कर. 'उकाडा सहन झाला नाही म्हणून तो बाहेर आला' हे खोडलं. तिथे लिहिलं आहे, 'माझी वहिनी मंदा लपणात आली आणि परत गेली नाही.' हे असंच राहायला हवं, नावासकट. माझी सही याच पानाला आहे, दुसऱ्याला नाही. मला लपवायला तुझ्या भावाने एकदा खोटं सांगितलं, त्याची किंमत त्यांनी भरली. आता माझी चूक मला माझ्या नावावर हवी. तुला हसू येईल, पण मला त्या पडद्यावर तेवढीच जागा मिळणार आहे.

त्यांचा 'डावा हातले' घेणार असशील तर घे. पण पाठीमागे संगीत घालू नकोस.

तुझ्या या वेळच्या चिठ्ठीतलं शेवटचं वाक्य मी बरेचदा वाचलं. 'ती दहा मिनिटं मी फेकली नव्हती वहिनी, इतकी वर्षं जपून ठेवली, फक्त तुला दिली नाहीत.' बरं. तू कबूल केलंस, मीही केलं. यापेक्षा जास्त सध्या मला जमणार नाही. तुला मिळालेलं मला मिळालं नाही हे अजून सलतं, आणि सलत राहील. ते गेल्याने हेवा जात नाही. आता ज्याचा हेवा करावा अशी तू एकटीच उरलीस.

काल मी नदीवर गेले होते. पाणी उतरलंय. मधली वाळू यंदा पलीकडच्या काठाकडे सरकली आहे. वाळूवाल्यांचा खड्डा भरला, पण अलीकडे दुसरा झालाय, काठीने बघून आले, छातीएवढा असेल. पाखरं आली आहेत. मी अकरा जोड्या मोजल्या, एका जोडीने खळगा केलाय. अजून अंडी नाहीत. पुस्तकाप्रमाणे आठवडाभरात दिसतील.

तू लिहितेस, अंडं फुटताना तुला अजून मिळालेलं नाही आणि त्याशिवाय फिल्म अर्धी आहे. तर ये. घर आहे, सासूबाई वाट बघतात. गोणपाट मी धुऊन वाळत घातलं आहे, पऱ्हाट्या बांधावर आहेत.

दोघी मिळून जाऊ. कॅमेरा कसा चालू करतात ते आदल्या दिवशी मला दाखव, मला समजेल. मग मी आत बसेन आणि परत तू जा. खड्डा तुला माहीत नाही, पण मी बोलत राहीन. तुला ऐकू येणार नाही.

मागे वळू नकोस.

मंदा